रिकामं ठेवायचं धरण

नव्या धरणात आधी पाणी साठतं की गाळ, यावर इंजिनियर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला विचाराल तर आधी साठतात किस्से! भिंत कमरेएवढी व्हायच्या आत तंबूत किश्श्यांचा ढीग झालेला असतो. आणि गंमत अशी, की त्या वेळी त्यातल्या एकालाही कुणी किस्सा म्हणत नाही. त्या वेळी नुसती काळजी असते.

माझी पहिली नोकरी पनवेलच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत, उंबरवाडी नावाच्या गावाशी. काळ साठ सालच्या आसपासचा. डोंगरातून येणारा ओढा दर पावसाळ्यात उंबरवाडीची भातशेती धुऊन न्यायचा आणि पुढे पनवेलच्या बाजारात शिरायचा. तो अडवायला मातीचं छोटं धरण बांधायचं होतं. मी ओव्हरसियर, नवा कोरा. आणि माझे साहेब, डेप्युटी इंजिनियर सामंत.

सामंत साहेबांइतका अस्वस्थ माणूस मी जन्मात पाहिला नाही. अर्धवट धरण म्हणजे धरण नसण्यापेक्षा वाईट. पावसाच्या आत भिंत पुरी झाली नाही, तर ओढा भिंतीसकट गावात जाणार. हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे फाल्गुनातसुद्धा आभाळात बोटभर ढग दिसला की हा माणूस जेवणाच्या ताटावरून उठायचा!

* * *

साहेबांचा एक हात कायम मातीत. माती उचलायची, मुठीत दाबायची, गोळा नीट वळला तर ओलावा बरोबर. फुटला तर पाणी कमी. दिवसभर हेच.

एकदा पनवेलात आमच्या ठेकेदाराच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही पंगतीला बसलो. साहेबांचं लक्ष सगळं आभाळाकडे. यजमान स्वतः आग्रहाने बुंदीचा लाडू वाढायला आले. साहेबांनी लाडू उचलला, मुठीत घेतला आणि दाबला. भुगा!

"पाणी कमी पडलंय," साहेब गंभीरपणे म्हणाले. "हा सगळा थर काढून टाका!"

ठेकेदार बिचारा एवढा घाबरला, की त्याने खरंच आचाऱ्याला हाक मारली.

* * *

रोलर चालवायला युसुफभाई. पनवेलचेच. तोंडात पान आणि डोक्यावर जाळीची टोपी. त्यांचा रोलर म्हणजे लोखंडी पिंप आणि त्याला मेंढीच्या खुरांसारखे खुंट. मातीच्या प्रत्येक थरावरून तो फिरवायचा. ठरलेल्या फेऱ्या झाल्या की साहेब यायचे, काठी खुपसून बघायचे आणि म्हणायचे, "आणखी एकदा."

एके दिवशी ते 'आणखी एकदा' काही संपेना. ऊन मी म्हणत होतं. शेवटी युसुफभाईंनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, मातीला कान लावला आणि उठून अदबीने म्हणाले,

"साहेब, खुदा कसम, ही माती आता माफी मागतेय!"

आम्ही सगळे हसलो. साहेबसुद्धा हसले. मग काठी खुपसून म्हणाले, "आणखी एकदा."

* * *

गावाचा विश्वास बसत नव्हता तो वेगळ्याच गोष्टीवर. पूर अडवायचं धरण एरवी रिकामं ठेवावं लागतं. तळाला पाइप कायम उघडा. पूर आला की धरण तो पोटात घेणार आणि पाइपातून बेताबेताने सोडणार. साहेबांनी हे देवळासमोर सगळ्या गावाला समजावलं.

गोमा पाटील पुढेच बसले होते. गावातले सगळ्यांत वजनदार माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत.

"साहेब, पानी भरायचाच नाय, त धरन कशाला?"

साहेबांनी पुन्हा सांगितलं. येईल तेवढं एकदम पोटात घ्यायचं आणि मग जरा जरा बाहेर सोडायचं. दोन दोन दिवस सोडत राहायचं.

पाटलांचा चेहरा एकदम उजळला. "आसा सांगा ना! म्हंजे माजी बायको!"

मागून पाटलीणबाईंचा आवाज आला, "घरला चला. सोडते."

* * *

मृगाच्या तोंडावर भिंत पुरी झाली. आम्हाला वाटलं, साहेब आता तरी शांत होतील. छे! पहिल्या सरींबरोबर भिंतीच्या पायथ्याला बिळं दिसली. खेकडे! मातीच्या भिंतीला एक बीळ आरपार गेलं की त्यातून पाणी वाट काढतं, आणि मग देवसुद्धा ते बुजवू शकत नाही.

साहेबांनी हुकूम काढला, सगळ्या गावाने खेकडे पकडायचे. असा हुकूम उंबरवाडीला सरकारकडून कधी मिळाला नव्हता! पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे टोपल्या घेऊन हजर. घराघरात खेकड्यांचं कालवण. वास एवढा, की आमच्या शाकाहारी हेडक्लार्कने बदलीचा अर्ज केला.

आठवड्याभराने गोमा पाटील तंबूत आले. चेहरा पडलेला.

"साहेब, खेकडं संपलं."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. पाटील जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले,

"बाजूच्या गावचं आनून सोरू का?"

* * *

आणि मग श्रावणातला तो दिवस.

आदल्या दुपारपासून पाऊस कोसळत होता. सकाळी भिंतीवर गेलो, तर पलीकडे डोंगरापर्यंत लालभडक पाणी. रिकामं ठेवायचं धरण काठोकाठ भरलं होतं. तळाचा पाइप गर्जत होता, सांडव्यावरून पाणी उडत होतं, तरी पातळी चढतच होती. साहेब पायथ्याशी वाकून बघत होते. तिथून पाणी पाझरत होतं. पाझर नितळ असला तर काळजी नाही. हा गढूळ होता. गढूळ म्हणजे पाण्याबरोबर आतली माती निघालेली.

"साहेब, गाव हलवायचं?" मी विचारलं.

"पनवेलहून वरिष्ठांचा निरोप आलाय," साहेब म्हणाले. "दवंडी द्यायची नाही. धोका आहे असं लोकांना सांगायचं नाही. बाजारात घबराट झाली तर जबाबदारी माझी."

"पण..."

"पोती भरायला घे."

युसुफभाई आणि मजूर वाळूची पोती भरू लागले. साहेब मला घेऊन गावात आले. पाऊस इतका, की शेजारचं बोलणं ऐकू येईना. गोमा पाटलांच्या ओटीवर अर्धं गाव जमलं होतं.

"साहेब, खरा सांगा. धरन फुटल?"

"नाही," साहेब म्हणाले. "भिंत पक्की आहे."

"देवाशप्पत?"

"पक्की आहे म्हटलं ना!"

पाटलांनी साहेबांकडे निरखून पाहिलं, मग मान हलवली. "साहेब बोलतान, त नाय फुटनार. जा रं सगली घरान." बाया चुलीकडे वळल्या. एक म्हातारी तर पुन्हा जाळं विणायला बसली. ओरडून सांगावंसं वाटत होतं. तोंड उघडत नव्हतं.

तेवढ्यात चिखल उडवत आमची जीप आली. साहेबांच्या हुकमाशिवाय ती जागची हलत नसे. ती ओटीसमोर थांबली आणि आतून छत्री सावरत साहेबांची बायको उतरली, सुमतीवहिनी. हातात डब्यांची पिशवी. त्या पनवेलला बिऱ्हाडी राहत. धरणावरही कधी आल्या नव्हत्या, गावात तर नाहीच.

साहेबांनी त्यांना पाहिलं मात्र!

"सुमती! तू इथं? आधी वर जा! टेकडीवर! एक क्षण थांबू नकोस इथं, ऐकू येत नाही का? पळ!"

मी साहेबांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यांनी वहिनींचा दंड धरला आणि त्यांना अक्षरशः ढकललं. पिशवी चिखलात पडली, डबे गडगडले. वहिनी पांढऱ्याफटक.

गोमा पाटलांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. मग त्यांनी आपल्या नातवाला खांद्यावर टाकलं.

"उठा रं! साहेबाची बायको पलते, त आपुन कशाला बसलोय? गुरां सोरा!"

उंबरवाडी बघता बघता रिकामी झाली. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन, शेळ्या हाकत, माणसं टेकडीवरच्या देवळाकडे निघाली. त्यांच्या पुढे वहिनी, पदर डोक्यावर, एकदाही मागे न बघता.

आम्ही पायथ्याशी पोती रचत राहिलो. दुपारी भिंतीचा एक लचका तुटला आणि ओढ्याकाठच्या तीन झोपड्या आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेल्या. त्यांत कुणी नव्हतं. युसुफभाई काहीतरी पुटपुटत त्या खिंडाराच्या तोंडाशी पोती टाकत होते, मी देत होतो, साहेब पायाने दाबत होते. मग केव्हातरी पाऊस ओसरला. पाणी हातभर उतरलं. पाझर नितळ झाला.

संध्याकाळी आम्ही देवळात गेलो. पाटलीणबाईंनी सगळ्यांना चहा दिला. गोमा पाटील साहेबांसमोर येऊन उभे राहिले. मिशांतून पाणी ठिबकत होतं.

"साहेब, धरन नाय फुटला. तुमीच फुटलाव!"

सगळं देऊळ हसलं. दिवसभराची धास्ती हसण्यातून एकदम बाहेर पडली. साहेबही हसले, आणि म्हणाले, "पाटील, दवंडीला बंदी होती. बायकोवर ओरडायला नव्हती!"

आणखी मोठा हशा झाला. वहिनी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"म्हणजे सकाळी ते नाटक होतं?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी खाली वाकून चहाची काठोकाठ भरलेली बशी उचलली. ती तोंडापर्यंत पोचली, तेव्हा तिच्यात चहाचा थेंबही उरला नव्हता.