पातेल्याला हात लावणाऱ्या वाघमारे बाई

वाघमारे बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी चहाच्या पातेल्याला हात लावून बघायच्या. तपासणीआधी चहा नको, तंबाखू नको, मशेरी नको, असं आदल्या दिवशीच बजावलेलं असायचं. माणसं "न्हाई घेतला" म्हणायची आणि पातेलं गरम लागायचं. "माणूस डॉक्टरशी खोटं बोलतं, नर्सशी त्याहून जास्त," असं म्हणून बाई उठायच्या. "उद्या येते." बाई यंदा वारल्या. मी चौथी शिकलेला, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

त्या कामशेतच्या. नर्सची नोकरी संपल्यावर लोणावळ्यातल्या एका संस्थेसाठी घरोघर काळजाचे ठोके मोजत फिरायच्या. त्यांना सख्खे भाऊ पाहिजे होते, एक शेतावर राहणारा, एक शहराजवळ. काळजाची चाल रक्तातून किती येते आणि राहणीतून किती, हे बघायचं होतं म्हणे. तेही फुकट! तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. नळीत रक्तही घ्यायच्या. ते कुणाला विकतात काय माहीत. तरी मी तयार झालो. माझी बायको हौसा आदल्या वर्षी काळजानं गेली होती. दहाव्याला तिच्या माहेरची माणसं सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्या घरानं खाल्ली तिला." मला कुणा शिकलेल्याच्या तोंडून ऐकायचं होतं, की हे सगळं रक्तातच असतं.

बाईंनी कुसगावच्या माझ्या घरी मला खाटेवर पाडलं आणि छातीला पट्टा बांधला. मशीन बघून म्हणाल्या, "भाऊ, तुमचे ठोके फार एकसारखे पडत्यात. हे बरं न्हाई. चांगलं काळीज श्वास घेताना जरा पळतं, सोडताना जरा रेंगाळतं."

मी रेल्वेत चावीवाला होतो, रूळ तपासत चालणारा. खंडाळ्याच्या घाटात जन्म गेला रुळावर हातोडा मारण्यात. आवाज एकसारखा आला म्हणजे रूळ घट्ट, वेगळा आला की काहीतरी सैल. ही बाई उलटंच सांगत होती. तेव्हाच ठरवलं, हिला पकडायची.

पुढं एक दिवस आणि एक रात्र पट्टा घालून राहायचं होतं. मी पवना नदीकडं धाकट्या भावाच्या, धोंडूच्या शेतावर गेलो आणि त्याच्या छातीला बांधला. परत आणून माझा म्हणून बाईंना दिला. बघू, ओळखते का.

तिसऱ्या दिवशी बाई पट्ट्याचा कागद घेऊन दारात.

"सकाळपास्नं दुपारपातुर राबलेलं काळीज हाय हे. भाताची चिखलणी केली का, भाऊ?"

"व्हय."

"कुटं? या सिमेंटच्या अंगणात?"

मी तंबाखूची डबी काढली.

"आन खाली बसलं की लगेच निवांत झालंय. तुमचं तर झोपूनबी होत न्हाई. मशीनवर संशय हाय का माझ्यावर?"

"दोघांवर."

"बरं. माझा तुमच्यावर पयल्यापासून हाय."

पट्टा कुणाच्या छातीला होता ते मी कबूल केलं, धोंडूची राहणीही सांगितली. बाई रागावल्या नाहीत. दोघांचे कागद शेजारी मांडले. "एका आईची लेकरं. पर धोंडू राबतो, टायमाला झोपतो, चार माणसांत हसतो. तुमी वहिनी गेल्यापासून तंबाखू चोळत भिंतीकडं बघत बसता."

बाईंना पकडायला गेलो आणि मीच सापडलो. रक्त एक, काळजं दोन. म्हणजे हौसाच्या माहेरचे खरं बोलत होते?

"मग माझ्या घरानं मारलं का तिला?" मी विचारलं.

वाटलं, आता गोड बोलणार. बाई म्हणाल्या, "गेलेल्या माणसाला पट्टा बांधता येत न्हाई, भाऊ. काही रक्ताचं आसतं, काही राहणीचं. वहिनींचं कशानं किती, हे जो छातीठोक सांगंल त्याच्यावर संशय घ्या. मी सांगितलं तर माझ्यावरबी घ्या."

मला सुटका पाहिजे होती, नाहीतर फाशी. बाईंनी दोन्ही दिलं नाही. फॉर्म काढून विचारलं, "वहिनींना आधी काय त्रास व्हता?"

कुणाला न सांगितलेलं तेव्हा सांगितलं. हौसा हंडा घेऊन पायऱ्या चढताना अर्ध्यात थांबायची. मी वरून ओरडायचो, "ढोंग पुरे!"

बाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "पत्नी पायऱ्यांवर थांबत असे. पतीने लक्ष दिले नाही. बराबर हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो. "थांबायची न्हाई, खाली बसायची. आन माझं लक्ष व्हतं. बघून ढोंग म्हणलो व्हतो. तसं लिवा."

बाईंनी आधीचं खोडलं आणि मी बोललो तसं लिहिलं. मी ते वाचून बघितलं, मग सही केली.