आईचं ऐकणारा बल्ब

लकव्यात आईचा उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. या हिंदी मुलखात, चौबे कॉलोनीतल्या घरात आम्ही मायलेकी दोघीच. बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक दीदी यायची, तिच्यासमोर आई तोंडच फिरवायची. तिचं दुःख वेगळं होतं. संध्याकाळी देवाजवळ दिवा घरच्या बाईनं लावायचा, हा तिचा लग्नापासूनचा नेम, आणि आता दिवा मी लावत होते. ती अशी बघायची, जणू मी तिची खुर्ची बळकावली. मला रागही यायचा.

मी शंकर नगरात स्मार्ट वस्तूंच्या एका वितरकाकडे नोकरी करते. चिपवाल्यांना वाटतं, लोकांच्या पंख्यात, बल्बात, फ्रीजमध्ये आपलीच चिप असावी. सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं, त्या सगळ्यांनी आपलंच ऐकावं. दोघांची माणसं आमच्याकडे येऊन चहा पितात आणि एकमेकांच्या नावानं बोटं मोडतात. त्या वस्तूंतलाच एक बल्ब आणि तोंडानं सांगितलं की तो लावणारी एक बोलणारी पेटी मी घरी आणली. बल्ब देवघरात दिव्याच्या जागी लावला, पेटी आईच्या उशाशी ठेवली.

आईनं आधी नाक मुरडलं. मग एका संध्याकाळी आपणहून पेटीला म्हणाली, "दीदी, दिया जलाओ." पेटीला आपली मराठी कळत नव्हती, आणि नुसता हुकूम सोडणं आईला बरं दिसेना, म्हणून दीदी. शब्द पार चुरगळलेले होते. पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणि देवघर उजळलं. आई रडली, मीही रडले.

त्यानंतर ती दुपारभर तेवढंच घोकत बसायची. दिवाळीपर्यंत पलंगावरून भाजीवाल्या भैयाशी घासाघीस करू लागली. उन्हाळ्यात तुला नागपूरला मावशीकडे नेते, असं मी बोलून बसले.

मग पेटीच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी स्वतःचा बल्ब काढला आणि बल्बात चिप घालणाऱ्यांनी स्वतःची पेटी. एका अपडेटनंतर आमची पेटी आमच्या बल्बाला ओळखेना. मी ऑफिसातून आले तेव्हा घरात अंधार होता. आई घामाघूम होऊन तेच तेच म्हणत होती आणि पेटी नम्रपणे सांगत होती, "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई."

"आई, कंपन्यांचं भांडण आहे. तुझं काही चुकलं नाही," मी म्हटलं. तिला दाखवायला स्वतः बोलले. पेटीनं माझीही माफी मागितली.

आई माझ्याकडे बघत राहिली. "माहं मन राखाले तू मुद्दाम चुकीचं बोलून राहिली," ती म्हणाली.

मी शपथा घेतल्या. चिप म्हणजे काय, सॉफ्टवेअर म्हणजे काय, सगळं सांगितलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. तिच्या लेखी तिचंच बोलणं पुन्हा बिघडलं होतं. भाजीवाला यायचा तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची. ऑफिसात कंपनीच्या माणसाला मी हे सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "मैडम, पूरा सेट ही बदल लीजिए।" त्याचा चहा त्याच्याच अंगावर ओतावा असं वाटलं. आणि नवा सेट तरी कुठं होता? येतो, येतो म्हणत उन्हाळा निघून गेला. नागपूरचा विषय कुणीच काढला नाही. आई मानेनंच हो-नाही करू लागली.

शेवटी नवा बल्ब आला, नवी पेटी आली. मी आईला उशीला टेकवून बसवलं आणि म्हटलं, "आता म्हणून बघ." ती पेटीकडे वळली. मग ओठ हलले. पेटीला समजलं नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पेटीला पुन्हा समजलं नाही, आणि या वेळी दोष पेटीचा नव्हता.

संध्याकाळ टळून चालली होती. नाइलाजानं मीच ते म्हटलं आणि बल्ब लगेच लागला. आईनं देवाकडे पाहिलं, पण डावा हातही कपाळाशी नेला नाही. मग ती मला काहीतरी म्हणाली. मी कान तिच्या तोंडाशी नेला, दोनदा विचारलं. मला ते कळलं नाही.