दोन गाठींची पैज

मॅच संपायच्या आधीच मी मैदानावरून उठून आले. माझी ही चूक साधी नव्हे, एका बाईचं नाव घालवणारी. खेळाडू गवतावर बसून लिंबाच्या फोडी चोखत होते. मला वाटलं, संपलं. लग्नात सरबत आलं की मंडळी उठतातच की! 'एक-एक, एक-एक' घोकत मी चपला शोधल्या. शेंगदाणेवाला ओरडला, "स्वल्प निल्ली अक्का, आट इन्नू इदे!" थांबा, खेळ अजून आहे, असं सांगत होता बिचारा. पण मी सतरा वर्षांची, नवं पातळ नेसलेली. मला वाटलं, माझ्याशी बोलायला निमित्त काढतोय मेला. मान आणखी ताठ केली आणि चालू लागले.

मला धाडलं होतं तुळसाअक्कानं. बंगळुरात चिकपेटच्या गल्लीत ती आमच्या समोर राहायची. लहानपणीच विधवा झालेली, शिवणावर पोट भरणारी. फुटबॉलच्या तीन संघांचे शर्ट तिच्या मशीनवर शिवले जात. पन्नासच्या दशकात पांढऱ्या कपाळाची बाई मैदानात चटई टाकून मॅच बघते, म्हणजे केवढा गहजब! कुणी टोकलं तर म्हणायची, "माझी शिवण कुठे उसवते ते बघायला जाते. तुमची जीभ उसवलीय ती इथूनच दिसते."

गल्लीतल्या दुकानदारांना गल्ला सोडून मॅचला जाता येत नसे, पण पैजेची खाज दांडगी. पैजेच्या वस्तू अक्काकडे ठेवायच्या आणि ती सांगेल तो निकाल, असा रिवाज पडला होता. एकदा बरोबरी झाल्यावर जादा वेळ खेळवला, त्यात गोल झाला, आणि पैजेतले दोघेही 'मीच जिंकलो' म्हणून एकमेकांच्या अंगावर गेले. एकाचं म्हणणं, ठरल्या वेळेचाच स्कोअर धरा, दुसऱ्याचं, शेवटचा. तेव्हापासून अक्का आधीच विचारून घ्यायची, "ठरल्या वेळेपुरती, की जादा वेळेसकट?" मग वस्तू फडक्यात बांधायची. ठरल्या वेळेला एक गाठ, जादासकट असेल तर दोन. "गाठ माझी, जीभ तुमची. मागून फिरवायची नाही, सरी? कबूल?" दहा वर्षांत एक तक्रार नाही.

त्या दिवशी तिला ताप होता, म्हणून मी गेले. कापडवाले गोपाळशेठ म्हणाले होते, मिलिटरीचा संघ जिंकणार. जरीकाम करणारा मारुतीअण्णा म्हणाला होता, नाही जिंकत. शेठचं मनगटी घड्याळ, अण्णाचा चांदीचा पेला. फडक्याला दोन गाठी.

"पुरती संपली ना गं?" अक्कानं पांघरुणातून विचारलं.

"संपली. एक-एक," मी ठसक्यात सांगितलं. वर गोलकीपरच्या केसांचं वर्णनही केलं! मिलिटरी जिंकली नाही, म्हणून घड्याळ आणि पेला दोन्ही मारुतीअण्णाकडे गेले.

सकाळी पेपर आला. जादा वेळेत मिलिटरीचा गोल. दोन-एक.

गोपाळशेठ गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडत आले. अक्का उठली, अंगाभोवती शाल घेतली आणि तशीच फणफणत मारुतीअण्णाच्या दारात उभी राहिली. अण्णा म्हणाला, "खेळ ठरल्या वेळेचा, अक्का. पुढचं सगळं कच्चं लिंबू!"

"दोन गाठी मारायला कोण म्हणालं होतं, अण्णा? माझ्याकडे बघून सांग."

अण्णानं बघितलं नाही. घड्याळ आणि पेला तेवढे आणून उंबऱ्यावर आदळले.

शेठना त्यांचं घड्याळ मिळालं, वर पेलाही मिळाला. संपायला हवं होतं ना? पण मनगटावर पट्टा आवळत ते म्हणाले, "बाईमाणसाच्या हाती पैज दिली की हे असंच. यांना खेळातलं काय कळतं? आणि मैदानावर गेलं होतं कोण?"

मी दाराआड. तोंडात चुरमुऱ्यांचा बकाणा, तो गिळायचीसुद्धा हिंमत नाही. अशी मी शूर!

"निकाल मी दिला," अक्का म्हणाली. "चूक माझी."

दुसऱ्या दिवसापासून पैजेच्या वस्तू न्हाव्याच्या दुकानात जाऊ लागल्या. तो गाठी मारत नसे, विचारतही नसे. सहा महिन्यांत दोनदा घोटाळा केला त्यानं, एकदा तर मारामारी झाली. तेव्हा कुणी म्हणालं का, की पुरुषांना खेळातलं काय कळतं? "अहो, चुकतो माणूस," म्हणाले. पुरुष चुकला की माणूस चुकतो. बाई चुकली की सगळ्या बायका चुकतात. साठ वर्षं झाली, अजून अंगाची लाही होते माझ्या. आणि त्या लाहीत मीही भाजते, कारण ती संधी त्यांच्या हातात दिली मी.

पेपर आला त्याच दिवशी संध्याकाळी मी अक्काकडे गेले आणि रडत म्हटलं, "मी गल्लीत सगळ्यांना सांगते, मीच अर्ध्यातून उठले म्हणून." अक्कानं एका नव्या शर्टाचा दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "सांगून काय होणार? त्यांना बाई चुकलेली हवी होती, तू काय नि मी काय. डोळे पूस. पुढच्या मॅचला माझ्याबरोबर चल, आणि रेफरी घरी जाईपर्यंत चटईवरून उठलीस तर तंगडी मोडीन."