दोघींचा होकार

रेहाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी कराडच्या स्टँडवर, दोन्ही हातांत नव्या पुस्तकांच्या पिशव्या घेऊन सांगलीच्याच गाडीची वाट बघत होते. तिच्याकडेच निघाले होते. तिची सून शबाना एवढंच म्हणाली, “मावशी, अम्मी गेल्या... पहाटे.” मी म्हटलं, “बरं.” बरं काय, कपाळ! पण अशा वेळी तोंडातून काय निघेल याचा नेम नसतो. गाडी आली, चढले, पिशव्या मांडीवर घेतल्या. सांगली येईपर्यंत डोक्यात एकच घोळत राहिलं, आता ही पुस्तकं बघायची कुणी?

आम्ही दोघी बालवाडीच्या बाई. ती मूळची माण तालुक्यातली, लग्न होऊन सांगलीच्या विश्रामबागेत गादीवाल्यांच्या घरी आली. निवृत्तीनंतर माणातल्या बालवाड्यांना दरवर्षी पेटीभर नवी पुस्तकं पाठवणाऱ्या एका संस्थेनं निवडीचं काम आमच्या गळ्यात घातलं. आम्हीही हौसेनं घालून घेतलं, खोटं कशाला बोलू? रेहानाच्या बाहेरच्या खोलीत, सासऱ्यांनी भरलेल्या जाड गादीवर पुस्तकं पसरायची आणि भांडायला बसायचं. दोघींचा होकार असल्याशिवाय पुस्तक पेटीत जायचं नाही, हा आमचा कायदा. आणि होकार द्यायचा कशावरून, तर गल्लीतल्या एखाद्या पोराला गोष्ट वाचून दाखवायची आणि संपली की गप्प बसायचं. “आवडली का?” असं विचारायचं नाही, हसायचं नाही, पान उलटायचं नाही. समोरचं पोर आपण होऊन “आनकी एकदा” म्हणालं, तर पुस्तक पास. दाराकडे बघायला लागलं, तर दुकानदाराला परत.

रेहानाचं बघणं मात्र पोरांच्याही आधी सुरू व्हायचं. जेमतेम वाचायला लागलेल्यांचं पुस्तक असलं तर ती प्रत्येक वाक्य एका दमात म्हणून बघायची. पहिल्याच पानावर तीन जोडाक्षरं भेटली की कपाळाला हात. “पोरगं हितंच मटकन बसंल गं!” चित्रांच्या बाबतीत तर तिच्यापुढं कुणाची डाळ शिजत नसे. एकदा एका गुळगुळीत, महागड्या पुस्तकात शेळीची शेपटी खाली लोंबत होती. “ही शेळी हाय का मेंढरू? माणातली पोरं हसून हसून मरतील,” म्हणत तिनं ते असं बाजूला सारलं, की मला त्या चित्रकाराची दया आली. आणि शेवटच्या पानावर तात्पर्य दिसलं की संपलंच. “गोष्ट झाली की गप बसावं माणसानं.” मला म्हणायची, की पुस्तकवाल्यांना, कोण जाणे.

एका पुस्तकावर मात्र आमचं कधीच जुळलं नाही. साधंच होतं, एकेका पानावर एकेक ओळ. धनगराच्या मुलीचा म्हातारा कुत्रा मरतो. त्याच्या गळ्यातलं घुंगरू ती एका लहानग्या कोकराच्या गळ्यात बांधते. बस्स. मला ते फार आवडलं होतं. रेहाना ऐकेना. मी म्हटलं, “अगं, मेलेली जनावरं त्या पोरांनी आपल्यापेक्षा जास्त पाहिलीत.” तर म्हणाली, “म्हणूनच नको. कुणाचा बा मुंबईला, कुणाचा भाऊ पलटणीत. रोज कोण ना कोण घरातनं गेलेलंच असतंय. पुस्तकात तरी सगळी घरला येऊ देत की गं.” दोन वर्षं ते पुस्तक तिच्या खिडकीत पडून राहिलं. ना पेटीत, ना परत.

शेवटची भेट झाली तेव्हा ती त्याच गादीवर आडवी होती. पार वाळून गेलेली. पिशवीतलं नवं काही बघायचं त्राण तिच्यात नव्हतं, मलाही उत्साह नव्हता. तिनं खिडकीकडे हात केला. “ते वाच.” मी वाचलं. संपलं, सवयीनं गप्प बसले. तिचे डोळे मिटलेले होते. औषधाच्या गुंगीत निम्मं ऐकलंच नसेल असं मला वाटलं. मग हळूच म्हणाली, “आनकी एकदा...” मी पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत तिला झोप लागली. शबानानं खूण केली, तशी पुस्तक खिडकीत ठेवून निघाले.

परवा तिचा चाळिसावा झाला. संस्थेतला एक तरुण कार्यकर्ता आधीच फोनवर म्हणाला होता, “मॅडम, आता तयार संचच मागवू या. तुम्ही तरी किती दमायचं?” चांगला मुलगा आहे. आणि दमलेय हे खरंच. गुडघे बोलतात, पिशव्या उचलवत नाहीत, आणि भांडायला समोर कुणी नसलं की पुस्तकं नुसती कागदाची वाटायला लागतात. हो म्हणून मोकळं व्हावं, या पिशव्या दुकानदाराला द्याव्यात, असं ठरवूनच गेले होते. पाहुणे पांगल्यावर शबाना चहा ठेवून आत गेली. खिडकीतलं ते पुस्तक दिसलं. आमच्या कायद्यानं तेही परतच जायचं. एकीचाच होकार, आणि दुसरा द्यायला आता कोण येणार?

द्यायच्या आधी एकदा वाचावं म्हणून रिकाम्या गादीसमोर बसून मोठ्यानं वाचलं. घुंगरू कोकराच्या गळ्यात गेलं, गोष्ट संपली. सवयीनं गप्प बसले.

आणि त्या गप्प बसण्यात ध्यानात आलं. अगं बाई! म्हणाली होती की ती. माझ्यासमोर, याच गादीवर, स्पष्ट ‘आनकी एकदा’ म्हणाली होती. आणि मी औषधाला बोल लावून घरी गेले होते.

मग मात्र रडू आवरेना. शबाना धावत आली. डोळे पुसले, त्या मुलाला फोन करून संच मागवू नको म्हटलं आणि पुस्तक कोपऱ्यातल्या पेटीत ठेवलं. झाकण लावणार, तेवढ्यात आठवलं, दुसऱ्यांदाचं वाचन अर्धंच राहिलंय. पुस्तक परत बाहेर काढलं, गादीकडे तोंड करून नीट बसले, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.