आजोळचे वाळे

विजूमावशी गेल्याचा निरोप आला तो तिच्याच नंबरवरून. सकाळी मी डबे भरत होते, ओट्यावरचा फोन उजळला आणि त्यावर ‘मावशी’ असं नाव दिसलं. मला वाटलं, नेहमीसारखं फुलांचं चित्र आणि खाली सुप्रभात असेल. ती ते रोज पाठवायची आणि मी रोज न उघडता पुढे जायचे. या वेळी लिहिलं होतं, ‘मी महेश. आमची आई काल संध्याकाळी गेली. हार्टचा झटका आला.’ खरं सांगायचं तर मला आधी दुःख झालंच नाही, धडकी भरली. कारण माझ्या खांद्यावरून सासूबाईंनीही तो निरोप वाचला होता. “अगं बाई, तुझी सख्खी मावशी!” असं म्हणत त्या गॅस बंद करून साडी बदलायला गेल्यासुद्धा. माझ्या नवऱ्याला, नितीनला, त्यांनी गाडी काढायला सांगितली. आपल्याला लगेच तिच्या गावी, आपट्याला निघायला हवं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

विजूमावशी माझी मावशी नव्हती. सख्खी नाही, चुलत नाही, लांबचीही नाही. पगार घेऊन बाळंतिणीजवळ राहणारी बाई होती ती. हल्ली याला डूला म्हणतात. तिच्या कार्डावरही तसंच छापलं होतं आणि त्या शब्दाचा तिला भलताच अभिमान होता. त्याआधी ती एसटीत कंडक्टर होती. पाठीच्या दुखण्यामुळे नोकरी सोडली, मुंबईला जाऊन छोटा कोर्स केला आणि या कामाला लागली. कंडक्टरकी मात्र तिच्या अंगातून गेली नव्हती. आवाज असा की नुकतं झोपलेलं बाळ दचकून उठायचं. मला अंघोळीला पाठवायचं असलं की ती दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक करून “डबल बेल!” म्हणायची. दुपटं गुंडाळणं तिला कधीच नीट जमलं नाही, माझ्या शर्वरीचा एक पाय कायम बाहेर असायचा. तिचे डिंकाचे लाडू तर इतके कडक, की नितीनने दाताच्या डॉक्टरांचा नंबर शोधून ठेवला होता. पण ती घरात आली की घरात कुणीतरी मोठं माणूस आहे असं वाटायचं...

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरच्यांनी करायचं. माझ्या सासरी तर हे गृहीतच होतं. सासूबाई तेव्हा मोठ्या दिरांकडे ठाण्याला असायच्या आणि शनिवार-रविवार पनवेलला यायच्या. प्रत्येक वेळी विचारायच्या, “माहेरून कोण येणार गं?” माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. बाबा सोलापूरला माझ्या भावाकडे, आणि वहिनीचं स्वतःचंच बाळ लहान. मी आपली “येईल कुणीतरी” म्हणायचे. आणि त्या गेल्या की फोन घेऊन बसायचे. आपल्या शहरात डूला कशी शोधावी, असले लेख वाचायचे. जिथे जिथे फोन केला ते वाशीच्या पुढे यायला तयार नव्हते. तेल लावून जाणाऱ्या बायका होत्या, पण त्या अर्ध्या तासात मोकळ्या. ओळखीतल्या, नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच. त्यांच्याकडे कुणाची मावशी आली होती, कुणाची काकू. मला वाटायचं, सगळ्या पनवेलला गोतावळा आहे, एक मीच अशी ओसाड. आईच्या जागी माणूस भाड्याने आणायला निघाले आहे, याची इतकी लाज वाटायची की नितीनशी बोलतानाही मी आवाज खाली करायचे. शेवटी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने इकडेतिकडे बघत विजूमावशीचं कार्ड माझ्या फाइलखाली सरकवलं. आपण असं कुणाचं नाव सुचवतो हे तिलाही कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

खोटं बोलण्याची सुरुवात मी केली नाही. पण ते मोडलंही नाही. शर्वरीला घेऊन घरी आलो त्याच शनिवारी सासूबाई आल्या. स्वयंपाकघरात एक अनोळखी बाई पदर खोचून उभी पाहून त्यांनी विचारलं, “या कोण?” मी शर्वरीचं दुपटं सारखं करत राहिले. विजूमावशीने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. वर्षानुवर्षं विनातिकीट चेहरे ओळखलेली बाई ती. हात पुसत म्हणाली, “मी हिची मावशी. बहिणीची पोर म्हणून आली.” सासूबाईंना आनंदच झाला, पण शंकाही आली. “मेघनाची आई तर सोलापूरची. तुमची भाषा इकडची कशी?” “मला आपट्याला दिली ना,” मावशी म्हणाली. “बोलीसुदा बदलली बगा. आता सोलापुरात गेली तर आमाला कोन वळकत नाय.” सासूबाई हसल्या, मी हसले, आणि झालं. त्या दिवसापासून मी तिला अहोजाहो करायचं सोडलं. पगाराचं पाकीट मात्र सासूबाई घरात नसतील तेव्हाच तिच्या पिशवीत ठेवायचे.

त्या दिवसांबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही. अंगावर दूध नीट येत नव्हतं. शर्वरी रडायची, मी रडायचे. सगळे म्हणायचे, बाळाचं तोंड पाहिलं की आई सगळं विसरते. मी तोंड पाहायचे आणि मला काहीही व्हायचं नाही. एका दुपारी ती रडून रडून लाल झाली होती, माझं ताट समोर गार होत होतं, आणि मी म्हणाले, “मला नको ही. घेऊन जा हिला.” आईच्या तोंडून असे शब्द निघतात हे मला माहीत नव्हतं. मावशीने मला समजावलं नाही, रागावली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. “बरं. नको तर नको,” म्हणाली. “दे हिकडं. मी हाय ना. तू आदी जेव.” बाळाला घेऊन ती खिडकीशी गेली आणि पनवेल ते अलिबागचे सगळे थांबे एकामागून एक म्हणायला लागली. पळस्पे, कर्नाळा, पेण, वडखळ... पोयनाडच्या आसपास शर्वरी झोपली. मी गार वरणभात शेवटच्या शितापर्यंत जेवले. त्यानंतर माझ्या जेवणाच्या वेळी बाळ नेहमी तिच्याच खांद्यावर असायचं. मी काय बोलले होते ते तिने पुन्हा कधी काढलं नाही. डॉक्टरांकडे मात्र मला दुसऱ्याच दिवशी नेलं आणि बाहेर बाकावर बसून राहिली. हळूहळू मला बाळ हवंसं वाटायला लागलं.

बारशाच्या दिवशी सासूबाईंनी माहेरच्या माणसाला मानाने पाटावर बसवलं. मी हादरलेच, कारण त्या मानापाठोपाठ आजोळचं देणंही येतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मावशीच्या आलं होतं. तिने पिशवीतून गुलाबी कागदात गुंडाळलेले चांदीचे वाळे काढले, छोट्या घुंगरांचे, आणि शर्वरीच्या पायात घातले. “आजोळचे,” म्हणाली. सासूबाईंनी ते बोटांनी जोखले आणि माझ्या जावेच्या कानात, पण मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, “हलकेच आहेत जरा.” मी मान खाली घातली. मला लाज वाटली ती कशाची, तेही आज लिहून टाकते. वाळे हलके आहेत याची वाटली. मागाहून मी पैसे द्यायला गेले, तर “भाचीकडनं घेत्यात काय?” म्हणून तिने माझा हात ढकलला.

पुढे कधीमधी तिचा फोन यायचा. “कुनाला तरी सांग ना गं माझं. पुडला महिना मोकळाच हाय.” मी “हो, सांगते की” म्हणायचे. ऑफिसात, सोसायटीत कितीजणींनी मला विचारलं असेल, तू एकटीने कसं केलंस गं? माझं उत्तर तयार असायचं, माझी मावशी आली होती ना. तिचा नंबर द्यायचा तर ती माझी कोण हे सांगावं लागणार होतं. मग ती सकाळी फुलांची चित्रं पाठवत राहिली, आणि मी ती न उघडता पुढे जात राहिले.

आपट्याला तिच्या घरी ओटीवर सतरंजी टाकली होती. आम्ही टेकलो. आमच्याआधी चार-पाच बायका बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, पर्स मांडीवर, पायांत बुटांचे मोजे, गावातल्या मुळीच न वाटणाऱ्या. महेशने पाणी दिलं आणि सासूबाईंनी माझी ओळख करून दिली, “ही त्यांची भाची, पनवेलची.” महेश बघतच राहिला. “तुमी पन?” तो म्हणाला. त्याचा आवाज तक्रारीचा नव्हता, नुसता गोंधळलेला होता. “या कामोठ्याच्या भाची. त्या कळंबोलीच्या भाची. आईला तर बहीनच नव्हती. ती एकटीच होती.” आम्ही सगळ्या एकदम खाली बघायला लागलो, वर्गात पकडलेल्या मुलींसारख्या. मग कळंबोलीच्या बाईने अगदी हळू विचारलं, “तुमच्या बाळालाही वाळे...?” मी मान हलवली. कामोठेवालीनेही हलवली. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या.

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. महेशने कानाला लावला, नुसतंच “अं... अं...” केलं आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी हात पुढे केला. पलीकडे एक मुलगी कुजबुजत होती. तिला कोमल म्हणते, हे तिचं खरं नाव नाही. “मावशी, कालपासून आला का नाहीत? सासूबाई सारख्या विचारतायत. रविवारी बारसं आहे, माहेरचं कुणीच नाहीये हो...” मावशी गेली, हे तिला मी सांगितलं. मी पत्ता विचारला, तिने सांगितला तो रडतच.

परतताना गाडीत, कर्नाळ्याच्या अलीकडे सासूबाईंनी एवढंच विचारलं, “ते वाळे तिने स्वतःच्या पैशाने आणले होते का गं?” मी हो म्हणाले. “आणि मी हलके म्हटले...” त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं होतं त्या माझ्या खोटेपणावर रागावतील. त्यापेक्षा ते बरं झालं असतं. घरी आल्यावर अंघोळ करून त्या म्हणाल्या, “आपल्याला सुतक नाही. म्हणजे त्या फोनवरच्या मुलीकडे बारशाला जाता येईल.” दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सराफाकडे गेलो.

रविवारी खांदा कॉलनीत कोमलच्या दारात तिच्या सासूबाईंनी मला विचारलं, “आपण कोण?” मी येताना ठरवून आले होते की आता खोटं बोलायचं नाही. पण आत पाळण्याशी बसलेल्या कोमलने मान वर केली आणि तिच्या डोळ्यांतली भीती मला ओळखीची होती. “मी तिची मावसबहीण,” मी म्हणाले. पुन्हा एकदा. मावशीने ते माझ्यासाठी केलं तेव्हा ते किती सहज वाटलं होतं. बाळाच्या पायात वाळे घातले, आजोळचे म्हणाले, आणि कोमलचं ताट तसंच होतं म्हणून बाळाला खांद्यावर घेऊन तिला म्हटलं, “तू आधी जेव.” मी पळस्प्यापासून सुरुवात केली, पण पेणच्या पुढचे थांबे मला आठवेनात. बाळ पाय झाडत होतं आणि घुंगरं वाजत होती.

शेजारी दिवस भरत आलेली एक मुलगी पंख्याखाली बसली होती. ती माझ्याजवळ सरकली आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, “ताई, तुमच्या ओळखीत बाळंतपणासाठी कुणी बाई आहे का हो? माझी आई नाहीये.” मी आवाज खाली केला नाही. “होत्या,” मी म्हणाले. “विजयाताई. माझ्या बाळंतपणाला मी पगार देऊन ठेवल्या होत्या.” तिचा चेहरा एकदम उजळला. ‘होत्या’ तिच्या कानावर पडलंच नसावं, तिने मोबाईल काढलासुद्धा. “त्यांचा नंबर देता?” ती म्हणाली, आणि अंगठा आकड्यांवर धरून माझ्याकडे बघत थांबली.