डनिडनचा हिमनग आणि बाबांचं ‘नको’

ऑकलंडहून डनिडनला जाणाऱ्या सकाळच्या विमानात बाबांनी खिडकीची काच काही सोडली नाही. कऱ्हाडच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. हिमनग दरवर्षी फळ्यावर काढला, पाहिला मात्र कधीच नाही. अंटार्क्टिकाचे हिमनग एवढ्या उत्तरेला सहसा टिकत नाहीत; यंदा काही भरकटत थेट डनिडनजवळ, ओटागोच्या किनाऱ्यापाशी आले. ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या माझ्या घरी ही बातमी मी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांची परतीची फ्लाइट चार दिवसांवर होती. मी लगेच तिकिटं काढली.

डनिडनला समुद्रावर धुकं बसलेलं, किनाऱ्यावरून काही दिसेना. धुक्यापलीकडे हिमनगापर्यंत जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या सगळ्या फेऱ्या भरलेल्या होत्या, तरी बघू म्हणून गेलो. आमचं नशीब असं की एक प्रवासी आलाच नाही. मी नेमकी हात धुवायला गेलेले. शॉर्ट्समधला पायलट बाबांपाशी आला आणि एक जागा आहे, येता का, असं त्यानं विचारलं. बाबा हसून म्हणाले, “नो नो, इट्स ओके.”

“स्वीट ॲज,” (बरं तर) म्हणून त्यानं दार लावलं. मी बाहेर येईपर्यंत हेलिकॉप्टर उडालंसुद्धा.

“अगं,” बाबा म्हणाले, “त्यानं परत विचारलंच नाही.”

आमच्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे नको नसतंच. पोहे दुसऱ्यांदा घ्यायचे तरी तीनदा आग्रह व्हावा लागतो, नाहीतर माणूस हावरट ठरतो. त्या बिचाऱ्या पायलटला हे कुठून ठाऊक? मला आधी हसू फुटलं, मग बाबांचा चेहरा पाहिला आणि फार वाईट वाटलं.

मुक्काम शॅरन नावाच्या बाईंच्या शेतावर होता. त्यांनी गरमागरम चीज रोल (चीज घालून गुंडाळलेला, भाजलेला पाव) पुढे केले. बाबांनी पहिल्याच विचारण्याला दोन उचलले. उद्या सकाळी धुकं हटेल, असं शॅरन म्हणाल्या. मेंढ्यांच्या पॅडकमागच्या (कुंपण घातलेल्या कुरणामागच्या) टेकडीवरून कदाचित दिसेल, याल का? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा ‘येस’ म्हणाले.

सकाळी वारा असा की उभं राहवेना. मी शहाणी जँडल्स (रबरी चपला) घालून गेलेले, दोनदा मेंढ्यांच्या लेंड्यांवरून घसरले. बाबा कधीच वर पोचले होते, शॅरनची दुर्बीण डोळ्यांना लावून.

अगदी क्षितिजाशी तो होता. लांबट, पांढरा, एक कोपरा तुटलेला.

बाबांनी दुर्बीण नीट जुळवून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, “मी मुलांना नेहमी टोकदार काढून दाखवला गं. हा तर पाटासारखा सपाट आहे. आत्ता फळा असता तर पुसून नवा काढला असता.” त्यांना इतकं खूश मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मंगळवारी त्यांना ऑकलंडच्या विमानतळावर सोडायला गेले. मी इथं राहायला आल्यापासूनच्या सहा वर्षांत ते पहिल्यांदाच आले होते. दरवर्षी मी फोनवर ‘या’ म्हणायचे, ते ‘नको’ म्हणायचे आणि मी विषय सोडून द्यायचे. मनातून रागही यायचा की यांना मुलीकडे यायचंच नाही.

“पुढच्या वर्षी परत या, बाबा.”

“नको गं, कशाला उगाच.”

मी पुन्हा म्हटलं. ते बॅगेची चेन लावत बसले. मी तिसऱ्यांदा म्हटलं.

“एवढं म्हणतेस तर येतो,” ते म्हणाले, आणि आत गेले.