काकांच्या बंदुकीची माशी

मला स्वस्थ बसवत नाही. अशा माणसाच्या हाती सरदारपूरजवळ शेतावर राहणाऱ्या काकांनी दसऱ्याच्या तोंडावर आपली ठासणीची बंदूक दिली, म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

दर दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की काका नाल्याच्या दरडीसमोर खुंटावर ठेवलेलं मडकं एका गोळीत फोडतात. गेल्या वर्षी चुकले. इंदूरच्या डॉक्टरनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बोलावलंय, पण काकांच्या मते दोष बंदुकीचा. यंदा चुकलो तर ती ठाण्यात जमा करीन, असं काकूंना सांगून बसले, आणि तेव्हापासून काकांचं स्वतःचंच जेवण अर्ध्यावर आलं होतं.

नेम बसवून देण्याचं काम माझ्याकडे आलं, ते काकांच्या अटीवर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी बंदुकीची दारू ठरवायची, जाड की बारीक, तीच मापानं भरत राहायची, आणि गोळ्या एका जागी पडू लागल्या की मगच माशीला हात लावायचा. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा चिमुकला दाणा, ज्यावरून नेम धरतात.

घरात उरलेली जाडी दारू भरून बार काढला. गोळी मडक्याच्या वीतभर खाली. दुसरीही तिथंच. तिसरीची वाट कोण बघतो? माशी बुटकी झाली की गोळी वर जाते एवढं ऐकून होतो, तेव्हा कानस घेतली आणि घासली. तेवढ्यानं चैन पडेना, म्हणून मोटरसायकल काढून धार शहर गाठलं. दुकानदार म्हणाला, "भिया, महीन वाली ले जाओ, झट पकड़ती है." मला झट काहीही चालतं.

बारीक दारूनं गोळी आणखी चढली. आता प्रत्येक गोळी मडक्याच्या हातभर वर, अगदी नेमानं. माशीमुळे किती आणि दारूमुळे किती, देव जाणे. जाडी संपलेली, दसरा उद्यावर, आणि घासलेलं लोखंड काही परत उगवत नाही.

काकांना सगळं सांगितलं. हातभर खाली नेम धरा, असंही सुचवलं.

"मडकं फोडायचं आणि बघायचं जमिनीकडे? ते आपल्याला जमायचं नाही."

दसऱ्याच्या सकाळी मी ओसरीवर येरझारा घालत राहिलो. बस की रे मेल्या, फरशी झिजेल, असं काकू म्हणाल्या, तर मी थेट नाल्याकडेच सुटलो. खुंटावर मडकं ठेवलं होतं. त्याच्या बरोब्बर हातभर वर बाभळीच्या फांदीला मी आणखी एक टांगलं.

पूजा झाली. सगळे मागे उभे राहिले. काकांनी बंदूक खांद्याला लावली, उतरवली, डोळे पुसले, पुन्हा लावली.

"मला दोन दिसताहेत रे," ते हळूच म्हणाले.

"खालच्यावर धरा, काका."

बार झाला. धुरात खापऱ्या पडल्याचा आवाज स्पष्ट आला.

"फुटलं?"

"फुटलं."

धूर विरला. फांदीवरचं मडकं गेलं होतं, खुंटावरचं जागच्या जागी शाबूत होतं. काका खुंटाकडे बराच वेळ बघत राहिले, मग मान ताठ करून काकूंकडे वळले. "मडकं गेलं, आणि खुंटही आता एकच दिसतोय. डोळा खणखणीत आहे. डॉक्टरला कळवून टाका, ऑपरेशन नको."

काकू काकांकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. मी खिशातून फोन काढला, ठेवला, परत काढला.